माझ्या आजीसाठी रडलेल्या माणसांना रानटी म्हणू नका

घरी येऊन तासही झाला नाही. साडीसुद्धा बदललेली नाही, पण हे लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

आज आमच्याकडे वसईत मामाचा सत्कार होता. माझा मामा फादर आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेली सोळा वर्षं तो पापुआ न्यू गिनीत आहे, आत डोंगरात, माउंट हेगन शहरापासून गाडीने काही तासांवर. तीन वर्षांनी सुट्टीवर आलाय, त्यात धर्मगुरुपदाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून शाल, श्रीफळ, मानपत्र. सगळं छान चाललं होतं. मग सूत्रसंचालकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "नरभक्षकांच्या देशात, अंगावर धड कपडे नसलेल्या रानटी लोकांत राहून त्यांना माणूस बनवणारे आपले लाडके फादर!"

हॉलमध्ये हशा. वर टाळ्या.

आई शेजारीच होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं, कारण मी उठणार हे तिला कळलं होतं. मी उठले नाही. मामाचा दिवस होता, त्याचा विरस नको म्हणून गप्प बसले. आता बसवत नाही.

त्यांना माणूस बनवणारे? त्या लोकांनी माझ्या आजीसाठी काय केलं ते ऐका, मग ठरवा कोणी कोणाला माणूस बनवलं.

२०२१चा मे महिना. आजी गेली. करोनाने नाही, वयाने गेली, पण दिवस करोनाचे होते. अंत्यविधीला वीस माणसं, एकविसावा नको. जिने आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी पेज पोचवली, तिला निरोप द्यायला वीस माणसं मोजून आत घेतली. बाकीचे रस्त्यापलीकडे मास्क लावून उभे. आईला कोणी मिठी मारली नाही. मीसुद्धा नाही, मला खोकला होता. खांदा देणाऱ्यांच्या हातात निळे रबरी मोजे होते आणि त्या मोज्यांखाली आजीची पेटी. ते निळे मोजे माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

मामा येऊ शकला नाही. विमानंच बंद होती. त्याच्या घरापाशी फोनला रेंज नसते, समोरची टेकडी चढून जावं लागतं. तिथे चिखलात उभं राहून त्याने आईचा फोन घेतला. आई एवढंच म्हणाली, "आय गेली रे." मग दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत, फक्त वाऱ्याचा आवाज येत होता.

तो टेकडी उतरला आणि कोणाला काही न सांगता संध्याकाळच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची, तयारी करायला लागला. तिथल्या धर्मशिक्षकाने त्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं. मामाने सांगितलं. बस. अंधार पडायच्या आत बायका यायला लागल्या. तोंडाला, हातांना राखाडी माती फासलेली. पाठीवर बिलुम, म्हणजे दोऱ्यांची विणलेली पिशवी, तिचा पट्टा कपाळावर घेतलेला. आत काउकाउ, म्हणजे रताळी. पुरुषांनी बांबू रोवले, वर ताडपत्री ताणली आणि मामाच्या दाराशी हाउस क्राय उभं केलं. हाउस क्राय म्हणजे रडायचं घर. कोणी गेलं की तिथे असं घर उभारतात, आणि सगळे येऊन रडतात. मोठ्याने, नाव घेऊन, रात्र रात्र.

त्यात एक म्हातारी होती. गुडघे गेलेले, दोन डोंगर पलीकडून काठी टेकत आलेली. ती मामासमोर ओल्या जमिनीवर बसली, आपल्या हाताची माती त्याच्या गालाला लावली आणि विचारलं, "वानेम नेम बिलोंग मामा?" (तिकडे मामा म्हणजे आई.) आईचं नाव काय?

मामा म्हणाला, मार्था.

मग तीन रात्री त्या डोंगरात माझ्या आजीच्या नावाने टाहो फुटत होता. मामा मार्था, सोरी, सोरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी डुक्कर कापलं. तिथे डुक्कर म्हणजे काय ते लक्षात घ्या. ती त्यांची तिजोरी असते. लग्नात देतात, भांडण मिटवायला देतात. ते कापून, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर केळीच्या पानांत गुंडाळून शिजवलं, आणि सगळ्यांनी वाटून खाल्लं. एका बाईसाठी, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, जिचं गाव नकाशावर त्यांना दाखवता आलं नसतं.

करोनात गर्दी करायला नको होती, हे मान्य. कोणी लिहायच्या आत मीच लिहून टाकते.

आता ते नरभक्षक प्रकरण. होती काही जमातींत ती प्रथा, नाकारत नाही. फोरे लोक आपल्याच गेलेल्या माणसाचं मांस खात, तेही शोकाचा भाग म्हणून, आपलं माणूस मातीत किड्यांच्या हवाली करण्यापेक्षा आपल्यात राहावं म्हणून. त्यातून कुरू नावाचा भयंकर आजार पसरला आणि १९५०च्या दशकात ते बंद झालं. सत्तर वर्षं होत आली. तुमच्या पणजोबांच्या काळात आपल्याकडे काय काय चालायचं ते माइकवरून कोणी सांगितलं तर चालेल का?

आणि "रानटी"! आपण वसईकर केळी म्हटली की छाती फुगवतो. आमची राजेळी, आमची सुकेळी. अहो, केळीची लागवड करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांत हे लोक आहेत. माउंट हेगनजवळ कुक नावाची पाणथळ जागा आहे, तिथे हजारो वर्षांपूर्वी खणलेले शेतीचे चर सापडलेत, केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्यात. २००८ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. उसाचंही मूळ न्यू गिनीतलंच मानतात. ज्या उसावर अख्ख्या महाराष्ट्राचं राजकारण उभं आहे, तो ऊस. आणि आपण त्यांना शेती, सभ्यता, माणुसकी शिकवायला निघालो!

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

मामा तिथे करतो तरी काय, हे कोणी विचारतच नाही. पॅसिफिकमधलं बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नारळ आणि पांढरी वाळू. मामाच्या धर्मग्रामातल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेलाच नाही. उंची दीड हजार मीटरच्या वर, सकाळी नऊपर्यंत धुकं, रात्री शेकोटी लागते. राजधानी पोर्ट मोर्सबीहून तिथे जायला रस्ताच नाही, विमानच. पावसाचं पाणी टाकीत धरायचं, तेच प्यायला, तेच आंघोळीला. खाणं तिन्ही त्रिकाळ काउकाउ आणि पालेभाजी. उपकेंद्रांना जायचं म्हणजे लँड क्रूझर जाईल तिथवर, पुढे चार-पाच तास चालत, नदीवरचा पूल वाहून गेला असेल तर अजून लांबून. परवा त्याचे पाय पाहिले, नखं काळी पडलीत. गाडीतून देवाच्या सामानापेक्षा बाळंतिणी जास्त गेल्यात, असं तो म्हणतो. त्या देशात खेड्यापाड्यांतली निम्म्याच्या आसपास आरोग्यसेवा चर्चच्या संस्था चालवतात. दवाखाना म्हणजे सिस्टर, आणि ॲम्ब्युलन्स म्हणजे फादर.

आजी असताना तिला याच गोष्टी आवडायच्या. तिकडे बुआई खातात, म्हणजे सुपारी, चुना लावून, असं मामाने सांगितलं तेव्हा ती उठून बसली होती. "पान कुठनं आणतात?" पान नाही, पानवेलीचीच हिरवी शेंग चुन्यात बुडवून चावतात. "आणि कात?" कात नाही. तरी तोंड लाल होतं. आजी विचारात पडली. मग म्हणाली, मग आपलीच माणसं ती. तिने हे सुपारीवरून ठरवलं, आणि आज हॉलमधल्या कुणाच्याही भाषणापेक्षा ते खरं होतं.

भाषेचं सांगते, कारण माझा सगळा राग शेवटी तिथे येऊन ठेपतो. त्या देशात आठशेवर भाषा आहेत. सगळ्यांना जोडणारी टोक पिसिन. तिच्यात 'आम्ही'ला एक शब्द, मिपेला, आणि 'आपण'ला दुसरा, युमी. इंग्रजीत हा फरक नाही, मराठीत आहे. म्हणून मामाला तो पहिल्या महिन्यातच जमला आणि बरोबरचे पोलंडचे फादर वर्षभर चुकत राहिले. प्रार्थना करताना 'पापा बिलोंग मिपेला' म्हणायचं, 'आमच्या बापा', जसं आपण म्हणतो.

त्या रात्री ती म्हातारी मामाला 'मामा बिलोंग यू' म्हणाली असती, तुझी आई, तरी ते बरोबरच होतं. ती म्हणाली 'मामा बिलोंग युमी'. आपली आई.

मामा हे सांगताना अजूनही थांबतो. मीसुद्धा आता टाइप करताना थांबले.

आता काही जण मेसेंजरवर येतील, नेहमीचे. "पण शेवटी बाटवायलाच गेले ना?" जुन्या मिशनऱ्यांनी तिथे पूर्वजांच्या कोरीव मूर्ती जाळायला लावल्या, मुखवटे युरोपच्या म्युझियममध्ये गेले, हे खरं आहे. मामाच सांगतो, आणि मान खाली घालून सांगतो. पण आज तिथला जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती आहे, तुमच्या-आमच्याइतकाच. गेल्या वर्षी, १९ ऑक्टोबर २०२५ला, पीटर टो रोट संत म्हणून जाहीर झाले. त्याच देशातल्या न्यू ब्रिटन बेटावरचे साधे धर्मशिक्षक, बायको-मुलं असलेले गृहस्थ. युद्धात जपान्यांनी फादरांना पकडून नेल्यावर गावातली लग्नं, बारसी, प्रार्थना त्यांनी चालू ठेवली, आणि १९४५ साली तुरुंगात त्यांना मारलं. आपण गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा, जपानात हुतात्मा झाला, म्हणून दरवर्षी त्याचा सण करतो. मग आजच्या मंचावर टो रोट यांचं नावसुद्धा कुणाला आठवू नये?

तिथे हिंसा आहे. जमातींच्या लढाया होतात, आता तर बंदुका आल्यात. सांगुमा म्हणजे करणीच्या संशयावरून बायकांना जाळल्याच्या घटना घडतात. मामाच्या स्वयंपाकघरात अशी एक बाई दोन रात्री लपून होती, त्या गोष्टी तो आईसमोर बोलत नाही. पण २०१३ साली त्या देशाने करणीला गुन्हा मानणारा आपला १९७१चा कायदा रद्द केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. सातपुड्यात डाकीण म्हणून बायकांना अजून मारतात. तेव्हा आपल्याला कोणी रानटी म्हटलं का?

मामाने भाषणात यातलं काही काढलं नाही. दोन मिनिटं बोलला, आभार मानले, बसला. मला त्याचाही राग आला. रिक्षात विचारलं, का गप्प राहिलास? तो म्हणाला, "मी त्यांचा देणेकरी आहे गं. डुक्कर अजून फिटलं नाही." तिथे शोकात आणलेलं विसरत नाहीत, परत द्यायचं असतं. गेली चार-पाच वर्षं कोणाकडे मयत झालं की मामा तांदळाची गोणी आणि डब्यातले मासे घेऊन जातो, आणि सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून रडतो. मिशन कार्य म्हणजे काय, असं त्याला मानपत्रवाल्यांनी विचारलं असतं तर त्याने बहुधा हेच सांगितलं असतं.

गुरुवारी त्याचं विमान आहे. आई आतल्या खोलीत बॅग भरतेय. सुकेळीचे चार पुडे, आणि आजीचं एक लाल लुगडं, धुऊन घडी घातलेलं. ते त्या म्हातारीसाठी. ती अजून आहे, गुडघे आणखी गेलेत.

आत्ता, हे लिहिता लिहिता, मी आत जाऊन मामाला विचारलं की तिचं नाव काय. इतक्या वर्षांत शंभर वेळा ही गोष्ट मी लोकांना सांगितली आणि तिचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.

ॲग्नेस. लुगड्याच्या घडीत चिठ्ठी ठेवलीय, आईच्या हातची, मराठीत. मामा वाचून दाखवील.