दिव्यांच्या पुढेही बघा
विद्यापीठात ऊर्जा वाचवायची तर हिवाळ्याच्या सुट्टीत दिवे नि संगणक बंद ठेवा, हा तुमच्या लेखातला सल्ला ठीकच. पण विद्यापीठात सगळ्यात जास्त ऊर्जा खातात त्या प्रयोगशाळा. तिथल्या फ्यूम हूडची, म्हणजे रसायनांचे वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटाची, काच वर राहिली की खोलीतली तापवलेली हवा रात्रंदिवस बाहेर फेकली जाते, आणि तेवढीच गार हवा आत घेऊन पुन्हा तापवायची. निघताना काच खाली ओढायला किती वेळ लागतो? उणे ८० अंशांचे फ्रीझर बंद करता येत नाहीत, मान्य. पण बरेचसे नमुने उणे ७० वरही टिकतात आणि वीज साधारण ३० टक्के वाचते. इमारत तापवणारं हीटिंग मात्र पूर्ण बंद नको, कमी ठेवा. आमच्या विभागात एकदा पाइप गोठून फुटला होता, सुट्टीनंतर तळमजल्यावर घोटाभर पाणी!