उणे २ चढ असलेल्या रेषेचा कोन : एका प्रतिक्रियेला उत्तर
महोदय,

(१, ७) आणि (४, १) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा क्ष-अक्षाशी होणारा कोन मी ११६.५७ अंश दिला होता. त्यावर आपण लिहिता की, कॅल्क्युलेटर उणे ६३.४३ दाखवतो, त्यात १८० मिळवणे ही क्लासवाल्यांची पाठांतराची युक्ती आहे आणि अर्धवट माहितीवर लेख लिहू नयेत. उभ्या रेषेचा उल्लेख लेखात हवा होता, ही आपली सूचना रास्त आहे. तिचा चढ काढता येत नाही, कोन मात्र ९० अंश असतो, एवढे लेखात घालतो.

परंतु 'अर्धवट माहिती' हे शब्द मला लागले. उत्तरावर हरकत घेणे निराळे आणि लिहिणाऱ्याची लायकी काढणे निराळे. माझी उभी हयात दहावीच्या वर्गांना भूमिती शिकवण्यात गेली आहे. पाठांतराचा आरोप माझ्यावर माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही. तो आपण पडताळा न घेता करून मोकळे झालात.

चढ म्हणजे उंचीतील फरक भागिले आडवा फरक, येथे (१ वजा ७) भागिले (४ वजा १), अर्थात उणे २. रेषेचा कोन क्ष-अक्षाच्या धन दिशेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात आणि तो शून्य किंवा अधिक, पण १८० पेक्षा कमीच असतो. ऋण कोनाला या व्याख्येत जागाच नाही. चढ हा या कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतील एक गुणोत्तर) असतो. टॅनची किंमत दर १८० अंशांनी पुन्हा तीच येत असल्यामुळे उणे ६३.४३ आणि ११६.५७ या दोन्ही कोनांचा टॅन उणे २ च येतो. कॅल्क्युलेटर त्यांपैकी उणे ९० ते ९० च्या दरम्यानचा कोन देतो, कारण त्याला फक्त आकडा दिलेला असतो, रेषा दिलेली नसते. तेव्हा १८० मिळवणे व्याख्येतूनच येते.

एवढ्यानेही समाधान होत नसेल, तर कृपा करून आलेख कागद घ्या. ही रेषा क्ष-अक्षाला (४.५, ०) येथे छेदते. तेथे कोनमापकाचा मध्य ठेवून उजवीकडच्या शून्यापासून वाचत गेलात, तर रेषा ११६ आणि ११७ या खुणांच्या मध्ये सापडेल. हे माझे विद्यार्थी कॅल्क्युलेटर हाती घेण्याआधी करत असत. आपणही प्रतिक्रिया लिहिण्याआधी करायला हवे होते.

मुलांना गणिताची भीती कोणामुळे वाटते, याविषयीच्या आपल्या मतांचा या रेषेशी संबंध नाही, म्हणून त्यांना उत्तर देत नाही. लेखातील कोन ११६.५७ अंश असाच राहील.