दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. स्प्लेंडरच्या सीटचे १,२०० रुपये घेतले, दारव्ह्याहून शेगावला जाताना मूर्तिजापूरच्या पुढे बूड सुन्न झालं, मिसेस सारख्या अंगावर घसरत होत्या, मृगाच्या पहिल्या पावसात सीट दोन दिवस ओली राहिली, आणि फोम जुनाच घातला असणार, असं तुम्ही लिहिलं. पैसे घेतले ते खरं. बाकीच्यातलं जुन्या फोमचं सोडून सगळं मान्य.

फोम नवीन होता. ४० डेन्सिटीची शीट तुमच्यासमोर कापली. पण डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. मऊ की कडक ते कळत नाही. ४० मध्येही लोण्यासारखा फोम येतो, आणि मी तोच घातला.

का घातला? तुम्हीच म्हणाले होते, "सोफ्यावानी पायजे बाप्पा, हात दाबला की आत गेला पायजे." दुकानात येणारा जो तो सीट हातानं दाबून पाहतो. पण गाडीवर कोणी हातानं बसत नाही. बसल्यावर वजन येतं बुडाच्या दोन हाडांवर. मऊ फोम कारंजापर्यंत सुखाचा वाटतो, मग हाडांखाली पार दबून जातो, हाड खालच्या बेसला टेकायला लागतं आणि बाजूचा फोम मांड्या दाबतो. मुंग्या तिथून सुरू. लांबच्या प्रवासाला थोडी कडक आणि मागून रुंद सीटच बरी, हे मला २२ वर्षांपासून माहीत आहे. तरी मी हो म्हटलं, कारण तुम्हाला संध्याकाळी गाडी न्यायची होती आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. तिथं माझी चूक झाली.

वहिनी घसरत होत्या तेही माझ्यामुळेच. मागच्या टोकाला फोम जास्त भरला गेला, उतार पुढं आला. ब्रेक मारला की त्या तुमच्यावर, तुम्ही टाकीवर, आणि सगळा भार मनगटांवर. त्यात रेक्झिन चकचकीत. (ते मात्र तुम्ही पसंत केलं होतं.) पाण्याचं म्हणाल तर शिलाईच्या टाक्यांतून पाणी जातंच, म्हणून फोम आणि रेक्झिनच्या मधे पन्नी टाकतात. घाईत ती राहिली.

आता थोडं तुमच्याकडचं. ऑनलाइन मागवलेलं जेलचं पॅड वर बांधून तुम्ही मे महिन्यात गाडी उन्हात उभी केली. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तापलेलं जेल लवकर निवत नाही. शेगावहून निघताना बसलेला चटका माझ्या खात्यात टाकू नका. आणि मागच्या शॉकअपची खाच पाहा, स्प्रिंग मऊ-कडक करायची असते ती. दोघं आणि सामान असताना शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर असला, तर खड्ड्यात तो पूर्ण बसतो आणि दणका थेट कमरेत जातो. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपल्या नशिबी गावोगावचे गतिरोधक आहेतच.

पैसे परत देणार नाही, काम पुन्हा करून देतो. त्याचा एक रुपया लागणार नाही. कंपनीचा मूळ फोम मी पिशवीत घालून परत दिला होता. फेकला नसेल तर घेऊन या. तो साच्यात एकसंध बनलेला असतो, शीट कापून तसा पाया होत नाही. हाडं टेकतात तिथं तो कोरून, फोमचेच तुकडे एकत्र दाबून बनवलेला कडक फोम बसवीन, वर अर्धा इंच मऊ. त्या अर्ध्या इंचाहून जास्त उंची वाढवणार नाही. कंपनीचीच ७८५ मिलिमीटर आहे, आणि आत्ताच्या सीटवर तुम्ही चवड्यांवर उभे राहता, ते मी गाडी नेतानाच पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

रेक्झिन लगेच ठोकणार नाही. फोमवर चादर बांधून देतो, दिग्रसपर्यंत चक्कर मारून या. जिथं टोचेल तिथं पेनानं खूण करा, तेवढं मी घासून देतो. दोनदा जावं लागलं तरी चालेल.

येताना वहिनींना सोबत आणा, मागचा भाग त्यांना बसवूनच करायचा आहे. सकाळी १० पर्यंत आलात तर बरं. मंगळवारी दुकान बंद असतं.