वॉटर पार्कचं घड्याळ उन्हाकडे पाहून लावा

मे महिन्यात बहिणीची दोन लेकरं घेऊन शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कात गेलो होतो. आमचं गाव विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात. सकाळची एसटी, मग ऑटो. गेटवर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. एक वाजता फरशी अशी तापली की लहानी पाण्याबाहेर पाय ठेवेना. मी माझा दुपट्टा भिजवून तिच्यापुढं अंथरायचो, ती दोन पावलं टाकायची, मी पुन्हा उचलून पुढं अंथरायचो. मग चार तास पत्र्याच्या शेडखाली काढले. पाचला ऊन कललं आणि सगळी गर्दी एकदम घसरगुंड्यांकडं धावली. भाचा जिन्यावर चाळीस मिनिटं उभा. पुढं पाच जण उरले आणि शिट्टी वाजली. सहा वाजले, पार्क बंद.

"मामा, आता तं कुठं ऊन उतरलं, आताच काऊन बंद करून रायले?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिकीट पूर्ण दिवसाचं, खेळ मिळाला जेमतेम दोन तासांचा.

वेळ ठरवणं हा या धंद्याचा गाभा आहे. अमेरिकेतलं डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं. गर्दी कमी असलेल्या मोसमात ते कित्येक वर्षं सोमवार-मंगळवार बंद असायचं. आजही तिथं तारखेनुसार वेळा बदलतात, सुट्ट्यांच्या गर्दीत पार्क रात्री उशिरापर्यंत चालतं. हिशेब साधा आहे. घसरगुंडीवरून तासाला २४० माणसं उतरत असतील, तर दोन तास वाढवले की ४८० फेऱ्या वाढतात. नवी घसरगुंडी बांधावी लागत नाही.

आणि वेळ बदलणं आपल्याला नवीन आहे का? वैशाखात वखर पहाटेच जुंपतात, ऊन चढायच्या आत बैल सोडतात. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. बाकी महाराष्ट्रात शाळा सुरू होतात तेव्हा विदर्भातल्या लेकरांची सुट्टी चालूच असते, कारण हेच ऊन. ताडोब्याची सकाळची सफारी उन्हाळ्यात लवकर सुटते, हिवाळ्यात उशिरा. मग पाण्याच्या खेळानंच बारा महिने दहा ते सहा का चालावं?

अडचणी आहेत, मान्य. उजेडाची सोय लागेल, पाण्यावर लक्ष ठेवणारी माणसं वाढवावी लागतील. तिथं कामाला आसपासच्या गावच्या मुली असतात, त्यांना रात्री घरी सोडायला गाडी हवीच. पण जी पोरं आज भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून जिन्यावर उभी असतात, त्यांचाही विचार करा. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत, निदान शनिवार-रविवारी, दुपारी तीन ते रात्री नऊ अशी पाळी ठेवा आणि तिचं तिकीट वेगळं, कमी दराचं ठेवा. दूरच्या गावची माणसं गाडी करून येतील.

त्या पार्कच्या मालकांना मी हेच पत्र लिहितो आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली नाव आणि गाव लिहा. गावावरून निघून तिथं पोहोचायला किती वेळ लागतो, तेही लिहा.