कपाटाने गिळलेला ‘पी’

गेल्या शनिवारी फर्निचरच्या दुकानात लोखंडी कपाटाची किंमत विचारताना ‘कपाट’ हा घरचा खणखणीत शब्द सोडून मी ‘कपबोर्ड’ म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. एसीच्या दुकानात शिरताना माझे मराठी बाहेर चपलांपाशीच थांबते.

स्टुलाच्या पायाचे रबरी बूच बदलून घ्यायला आलेले एक आजोबा मागून म्हणाले, “कबर्ड.” त्यांनाही तेच हवे असावे असे समजून मी बाजूला सरकलो, तर ते माझ्याच दिशेने सरकले. “‘पी’ सायलेंट आहे. टाळी वाजवून बघा.” आणि खरोखरच काखेतले स्टूल खाली ठेवून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, ‘क’ला सणसणीत आणि ‘बर्ड’ला अगदी हलकी. आपल्यालाच बोलावले असे समजून दुकानातला पोऱ्या धावत आला.

“सिलॅबल दोनच!”

“माझेही दोनच होते,” मी म्हणालो.

“मोजायला दोन, पण दुसऱ्यात तुम्ही फार सामान भरलेत.”

पोऱ्या हसला, याचा राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन शब्दकोश उघडला. १४व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द म्हणजे पेले मांडून ठेवायची उघडी फळी किंवा मेज होते. १६व्या शतकात त्याला दारे असलेल्या बंद कपाटाचा अर्थ आला. पुढे ‘प’ आणि ‘ब’ हे दोन्ही ओठांचे वर्ण शेजारी आल्यामुळे पहिला गिळला गेला, जसा ‘रासबेरी’तला. आपले ‘कपाट’ मात्र संस्कृतातले, म्हणजे मुळात दाराची फळी. केदारनाथाची उघडतात ती हीच कपाटे. त्यांच्या फळीला पुढे दार लागले, आमच्या दाराचे पुढे कपाट झाले, आणि दोघांचे नाते काहीच नाही.

खरा संताप पुढेच आहे. कपाळाला इंग्रज पूर्वी ‘फॉरिड’ म्हणत. पुढे स्पेलिंग पाहून तेच ‘फोरहेड’ म्हणू लागले आणि शब्दकोशांनी ते निमूट मान्य केले. त्यांनी स्पेलिंग वाचले की तो भाषेचा विकास, मी वाचले की भर दुकानात टाळ्या!

दुकानदाराने बिलावर ठळक अक्षरांत ‘लोखंडी कबाट, १ नग’ असे लिहिले. आजोबांनी चष्मा लावून ते वाचले, स्टूल उचलले आणि त्याला एका शब्दाने काही म्हटले नाही.