‘पत्रा ठोका, सिलिकॉन मारा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. (काका म्हणतो, कारण निपाणीत चाळीस वर्षं फॅब्रिकेशन केल्याचं तुम्हीच लिहिलंय.) माझ्या ट्रेलर-दुरुस्तीच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: जुन्या कॅम्पर ट्रेलरवर (गाडीमागं ओढायची, चाकांवरची राहायची खोली) मी आठ महिने उगाच घालवले. वरून लोखंडी पत्रा ठोकून फटींत सिलिकॉन भरलं असतं तर चार दिवसांत काम झालं असतं. आणि आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधून सौंदत्तीला गेल्या, त्यांचं काय अडलं?

सौंदत्तीला आमचीही ट्रॉली जायची. पण यल्लम्माची मोठी यात्रा थंडीतली, आणि तो मुलूख कोरडा. तिथं धरणात अडवलेली मलप्रभा उगवते ती खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. मला मुक्काम करायचाय तो त्या वरच्या टोकाला, तोही आषाढात. तिथं पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो.

आता सिलिकॉन. आधीच्या मालकानं नेमकं तेच केलं होतं, थरावर थर. ट्रेलर घरी आणला तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यात पेचकस टेकवला तर भिजल्या भाकरीत बोट जावं तसा तो प्लायमध्ये मुठीपर्यंत गेला. कुबट वास आला आणि मुंग्यांची रांग बाहेर पडली. आम्ही दोन आठवडे तो कोपराच धरून बसलो. शेवटी नळी लावून पाणी मारलं. खालून सुरुवात करून वर जायचं, एका जागी दहा मिनिटं, घाई नाही. सौ. आत बॅटरी आणि खडू घेऊन बसली होती. कोपरा कोरडाच! पाणी शिरत होतं छतावरच्या झरोक्याच्या चौकटीतून, चार फूट पुढं. आतल्या लाकडी पट्टीवरून घसरत ते मागं जाऊन साचायचं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कुणीतरी लोखंडी स्क्रू पिळले होते. ओलाव्यात दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि बोरूएवढं भोक. यावर पत्रा ठोकला असता तर भोक झाकलं असतं, कुजणं आत चालूच राहिलं असतं.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, रंगही धरत नाही. ते खरवडण्यातच तीन रविवार गेले. मग चौकटीखाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी, कारण ती कायम मऊ राहते. खड्ड्यात ट्रेलर पिळला, उन्हात पत्रा फुगला तरी ती सोबत हलते. तळाला आयएस ७१० या भारतीय मानकाचं, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय, कापलेल्या कडा रंगात बुडवून.

वजनाचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. एक मिलिमीटर लोखंडी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो, ॲल्युमिनियम २.७. माझा पत्रा आहे १४ चौरस मीटर. म्हणजे ११० किलो विरुद्ध ३८. ओढायला ट्रॅक्टर नाही, १२०० सीसीची गाडी आहे.

आरटीओचं विचारलंत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणं ट्रेलर हे वेगळं वाहन, त्याला स्वतःची नोंदणी लागते. कागद जुने पण खरे होते, रंगाला हात लावण्याआधी नावावर करून घेतले.

टायरचं मात्र तुम्ही फोटोवरून अचूक ओळखलंत, आणि इथं मला बोलायला तोंड नाही. नक्षी शाबूत होती म्हणून मी जुनेच ठेवले. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायची तसदी घेतली नाही. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर होतं १५११, म्हणजे २०११चा पंधरावा आठवडा. संकेश्वरच्या अलीकडं उजवा टायर फुटला, सर्व्हिस रोडवर होतो म्हणून निभावलं. लेखात हे लिहिलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय. आता दोन्ही नवे आहेत, बेरिंगही धुऊन ताजं ग्रीस भरलंय.

एक काम मात्र तुमच्याच हातचं. ओढायच्या दांडीला, चौकटीच्या जोडापाशी, केसाएवढी चीर दिसतेय. इथला वेल्डर म्हणतो टोकांना भोकं पाडून वरून टाका मारू. मला वाटतं ती लांबी कापून नवा चौकोनी पाइपच घालावा. फोटो खाली टाकलाय. तुम्ही काय केलं असतं?