ड्रायव्हर नसलेली रेल्वे आणि पाचगावचा घरफाळा

बाळ्याचा भाचा कॅनडात व्हँकुव्हरजवळ सरे म्हणून शहर आहे तिथं असतोय. त्यानं ग्रुपवर व्हिडिओ टाकलेला, तिथल्या स्कायट्रेन नावाच्या रेल्वेच्या एकदम पुढच्या सीटवर बसून काढलेला, समोर नुसती काच आणि रूळ, ड्रायव्हर नाहीच आणि ड्रायव्हरची केबिन पण नाही. झालं, मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर बाळ्याचं सुरू, "हे असं कोल्हापुरात पायजे भावा, कागल ते शिरोली वरनंच सोडायची, खाली वडापवाले बोंबलत बसूदेत."

संप्या पाचगावचा, म्हंजे शहराला लागून पण महापालिकेच्या हद्दीबाहेरचं गाव, त्याला पहिला राग आला तो ड्रायव्हरची नोकरी जाते म्हणून. "म्हंजे माणसांच्या पोटावर पाय आणि तू टाळ्या वाजवालायस."

मास्तर रिटायर भूगोलवाले, ते बराच वेळ गप होते, मग म्हणाले पगार वाचतोय हे खरं पण मुद्दा तो नव्हे. ड्रायव्हर लागत नाही म्हटल्यावर एक मोठी गाडी अर्ध्या तासानं सोडण्यापेक्षा लहान लहान गाड्या दोन-तीन मिनिटाला सोडता येतात, गर्दी वाढली की आणखी गाडी सोडायची, कुणाची ड्युटी लावायची भानगड नाही. गाड्या लहान म्हणून स्टेशनं पण लहान, तिथली पहिली लाईन, एक्स्पो लाईन म्हणतात तिला, तिचा प्लॅटफॉर्म 80 मीटरचा आहे फक्त. आणि हे काल-परवाचं नाही बरं का, 1985 च्या डिसेंबरात उद्घाटन झालंय, 86 ला तिथं वाहतुकीवरचा वर्ल्ड एक्स्पो होता त्याच्या आधी. आपल्याकडं दिल्लीत मॅजेंटा लाईनवर विनाड्रायव्हर गाडी आली 2020 च्या डिसेंबरात, म्हणजे हिशोब करा.

एवढ्यात दाजी आला. दाजीचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळं व्हिडिओत त्याला भलतंच दिसलं. "ते रुळांच्या मधी काय पट्टी हाय?" म्हणून त्यानं व्हिडिओ तीनदा मागं नेला. मास्तरांनी सांगितलं लिनियर इंडक्शन मोटर, आणि दाजी जो सुटला तो चहा थंड झाला तरी थांबेना. आपल्या पंपाच्या मोटरचा स्टेटर उकलून सरळ जमिनीवर पसरला तर जे होईल ते हे, असं त्याचं म्हणणं. वाइंडिंग डब्याच्या पोटाखाली, आणि रोटरच्या जागी अख्ख्या वाटेवर ती ॲल्युमिनियमची पट्टी, करंट दिला की वाइंडिंग त्या पट्टीला रेटतंय आणि गाडी पुढं पळतीय, चाकं नुसती वजन वागवायला, त्यामुळं पावसात रूळ ओला झाला म्हणून जोर लावताना चाक जागेवर फिरायचा प्रश्न नाही, चढ पण आरामात. पण गॅप बघ, म्हणाला, साध्या मोटरीत रोटर-स्टेटरमधी मिलिमीटरभर पण नसतंय आणि इथं सेंटीमीटरच्या आसपास ठेवायला लागणार, म्हंजे करंट जास्त खाणार हे लिहून घे. (मी नंतर बघितलं, बरोबर आहे त्याचं. हा माणूस दहावीनंतर शाळेत गेला नाही.)

गंमत म्हणजे त्याच व्हँकुव्हरात 2009 ला विमानतळाकडं जाणारी कॅनडा लाईन झाली, 2010 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या आधी, ती पण विनाड्रायव्हर, पण साध्या फिरत्या मोटरीची. त्यामुळं हिच्या गाड्या तिकडं चालत नाहीत आणि तिकडच्या हिकडं चालत नाहीत. वर काटकसर म्हणून बरीच स्टेशनं 40-50 मीटरची बांधली, दोन डब्यांची गाडी, आणि ती थोड्याच वर्षात गच्च भरायला लागली. हे ऐकून बाळ्याला का कोण जाणे एकदम बरं वाटलं. "तिकडं पण असलंच चालतंय म्हणा की!"

असलंच म्हंजे काय, बर्फ पडला की विनाड्रायव्हर गाडीत माणूस बसवायला लागतोय. 2014 च्या जुलैत तर एका आठवड्यात दोनदा कॅनडा लाईन सोडून बाकीचं सगळं नेटवर्क झोपलं, दुसऱ्या वेळी कारण काय तर वाढीव लाईनसाठी कंट्रोल सेंटरमध्ये नवा ब्रेकर बसवताना इलेक्ट्रिशियनकडनं मेन ब्रेकरच पडला. लोकं दारं उचकटून उंच रुळांवरनं चालत निघाली. दाजी यावर जे हसला ते सांगत नाही, त्याच्या धंद्यातल्या माणसालाच कळणार ते.

आता वाढवायचं काम दोन बाजूंना चाललंय. एक ब्रॉडवे रस्त्याखालनं, 5.7 किलोमीटर, सहा स्टेशनं, ती 2025 ला होणार होती ती 2027 वर गेली. दुसरी भाच्याच्या सरेवरनं पुढं लँगलीपर्यंत, 16 किलोमीटर, आठ स्टेशनं, सगळी वरनं, खर्च सहा अब्ज डॉलरच्या घरात म्हंजे आपले पस्तीस हजार कोटींच्या वर, आणि 2029 ची तारीख. त्या सरेत आधी रस्त्यावरची ट्राम ठरलेली, 2018 ला महापौर बदलला आणि ट्राम रद्द, स्कायट्रेनच पायजे. "हे तर आपलंच म्हणायचं," संप्या.

मग बाळ्यानं हुकमाचा पत्ता काढला. व्हँकुव्हर शहराची लोकसंख्या 2021 ला 6 लाख 62 हजार, आपली 2011 लाच साडेपाच लाख. त्यांना जमतंय तर आपल्याला का नाही?

इथं मात्र मी तोंड घातलं. अरे ते नुसतं शहर, रेल्वे शहराची नाहीच, ती भोवतीच्या 21 नगरपालिकांची मिळून आहे, सगळे धरून 26 लाख माणूस. आणि ह्या 21 जणांना कुणी एकमेकांत विलीन केलेलं नाही, बर्नाबी बर्नाबीच हाय, सरे सरेच. 1999 ला ट्रान्सलिंक म्हणून एक संस्था काढली, बस, रेल्वे, फेरीबोट सगळं तिच्याकडं, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःचा पैसा गोळा करायचा अधिकार, पेट्रोलवर कर, पार्किंगवर कर, आणि प्रॉपर्टी टॅक्समधला, म्हंजे आपल्या घरफाळ्यातला, हिस्सा. आपल्याकडं महापालिका 1972 ला झाली, हद्दवाढीचं भांडण कधीपासनं चाललंय, मग 2017 ला 42 गावांचं विकास प्राधिकरण काढलं, पण त्याला बस चालवायचं काम दिलंय का? बस केएमटीची, केएमटी महापालिकेची, आणि पॅसेंजर हद्दीबाहेरचा पण. मला विचाराल तर कोल्हापूरला रेल्वेची गरजच नाही, उंच तर नाहीच आणि भुयारी म्हटलं तर पंचगंगा हसंल. पण 42 गावं अधिक शहर अशी एकच बससंस्था, हद्द जिथल्या तिथं ठेवून, हे उद्या करता येतंय.

"म्हंजे घरफाळा द्यायचाच की!" संप्या उठून उभा राहिला. "हद्दवाढीला आम्ही नको कशासाठी म्हणतोय? घरफाळा वाढतोय म्हणून. तू मागच्या दारानं तेच आणालायस."

"मग तुमच्या गावात केएमटी कशाला पायजे फुकटची?" बाळ्या.

"फुकट? तिकीट काढून बसतोय मी!"

मास्तरांनी हात वर केला. तिकिटात कुठलीच बस चालत नाही, म्हणाले, आणि कॅनडावाले पण काही हसत हसत देत नाहीत. 2015 ला तिथं मतदान घेतलं, विक्रीकर अर्धा टक्का वाढवून त्यात बस-रेल्वे वाढवायची का, 62 टक्के लोक नको म्हणाले. आपण टोल घालवला त्याच सुमाराची गोष्ट. शेवटी वाढीव लाईनींना मोठा पैसा केंद्र आणि प्रांत सरकारनं घातला. नको म्हणणाऱ्यांचं कारण पण तेच होतं, आमचा ह्या संस्थेच्या कारभारावर विश्वास नाही.

"बघ!" संप्या म्हणाला. "आधी बस सोडा दहा मिनिटाला एक, सहा महिने सोडा, मग घरफाळ्याचं बोला."

"सहा महिने डिझेल कोण घालणार, तुझा सासरा?"

दाजी मधेच म्हणाला डिझेल कशाला, इलेक्ट्रिक बस घ्या, मोटरी मी बघतो. त्यावर कुणी लक्ष दिलं नाही, कारण तोवर संप्याची पाचगावची बस समोर आली होती आणि तो भांडण अर्धवट टाकून पळाला, पळता पळता ओरडत, "घरफाळा देणार न्हाई!"